पन्नास सह्या आणि तीस नांवें

निवडणूक जाहीर झाली, म्हणजे नारायण पेठेंतील जुन्या-नव्या जिन्यांवर एक निराळें पाऊल वाजूं लागतें. तें दूधवाल्याचें नसतें आणि पाहुण्याचेंहि नसतें. दिवेलागणीच्या सुमारास दोन तरुण दाराशीं येऊन उभे राहतात. एकाच्या हातांत मतदारयादीचें घडी पडलेलें पान असतें, दुसऱ्याच्या हातांत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "काका, घरांत मतें किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग नांवें वाचलीं जातात. कोण परगांवीं आहे, कोण वारलें, कोण लग्न होऊन सासरीं गेली, याच्या खुणा होतात. मतकेंद्राची शाळा सांगितली जाते, आणि दोन मिनिटांत पावलें वरच्या मजल्याकडे वळतात. गेल्या खेपेस आमच्याकडे असेच दोघे येऊन गेले. मुलें चांगलीं होतीं, अदबीनें वागलीं. त्यांनीं आम्हांस सांगावयाचें तें सर्व सांगितलें. विचारलें मात्र एवढेंच, कीं मतें किती. आमच्या मनांत काय आहे हा प्रश्न त्यांच्या पानावर नव्हता. आणि खरें बोलावयाचें तर आम्हींहि तें आपण होऊन सांगितलें नाहीं.

दार लावून घेतल्यावर मनांत आलें, कीं दारोदार जाण्याची ही चाल आपल्या शहरांत आली केव्हां, आणि आली ती कोणत्या हेतूनें? सामान्य समजूत अशी आहे कीं, ती प्रौढ मताधिकाराच्या पाठोपाठ, म्हणजे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर आली. ही समजूत बरोबर नाहीं. पुण्यांत ती त्याहून ऐंशी वर्षांनीं जुनी आहे, आणि ती सुरू झाली त्या वेळीं मत नांवाची वस्तु येथील कोणाच्याच हातीं नव्हती. त्या इतिहासाचा आढावा थोडक्यांत घ्यावा, आणि आजच्या कार्यकर्त्यास व मतदारास त्यांतून घेण्यासारखें कांहीं निघाल्यास तें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२ एप्रिल १८७० रोजीं पुण्यांत सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं शहरांत जी कुरबूर चालली होती तींतून या सभेची कल्पना निघाली, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. वकिली करणारे गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण. लोकांनीं त्यांस 'सार्वजनिक काका' हें नांव दिलें, आणि तेंच पुढें राहिलें. परंतु सभेच्या स्थापनेपेक्षांहि तिच्या घटनेंतील एक कलम आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. सभेचा सभासद व्हावयाचें असेल त्यानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणून दाखवावें, असा तो नियम होता. त्याप्रमाणें ९५ गृहस्थांनीं मुखत्यारपत्रें आणलीं, आणि त्यांवर एकंदर सह्या झाल्या सुमारें ६,०००. हिशेब केला तर दर माणशीं ६३ सह्या पडतात.

ह्या नियमाचें मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. सरकारापुढें एखादा अर्ज गेला, कीं साहेबाचा पहिला आक्षेप ठरलेला असे: तुम्ही बोलतां तें कोणाच्या वतीनें? ह्या आक्षेपास उत्तर देण्यासाठीं काकांनीं कोर्टकचेरींतला शब्द उचलला. मुखत्यार म्हणजे काय, हें त्या काळच्या सामान्य माणसास कोणीं समजावून द्यावें लागत नव्हतें. जमिनीचा दावा असो, वतनाचा तंटा असो, आपल्या वतीनें उभे राहण्याचा अधिकार आपण एखाद्यास लिहून देतों. त्यानें तो नीट वापरला नाहीं तर त्यास जाब विचारतों. आणि तरीहि तो वळला नाहीं तर मुखत्यारपत्र काढून घेतों. हा रोजच्या व्यवहारांतला संबंध काकांनीं राजकारणांत आणून बसविला. मुखत्यार म्हणविणारा गृहस्थ पन्नास दारीं गेला असेल, ओसरीवर बसला असेल, सभा कशासाठीं काढली आहे तें त्यानें सांगितलें असेल, आणि सही देणाऱ्यानें चार गोष्टी त्याला सुनावल्याहि असतील. सही झाली, म्हणजे ऋण घेणाऱ्याच्या डोक्यावर बसलें. आजचा कार्यकर्ता दारीं कांहीं देण्यासाठीं येतो. हा मुखत्यार मागण्यासाठीं येत होता, आणि जें मागत होता त्याचा हिशेब त्याला पुढें द्यावयाचा होता.

अर्थात् त्या काळाचें उगीच कौतुक करण्यांत अर्थ नाहीं. त्या ९५ जणांत सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर यांचाच भरणा होता. स्त्रियांच्या सहीचा विचार त्या काळीं कोणाच्या मनांतहि येण्यासारखा नव्हता, आणि गांवकुसाबाहेरच्या वस्तीच्या दारीं हे मुखत्यार फिरकले असतील असें मानण्यास आधार नाहीं. प्रतिनिधित्वाची रीति खरी होती, पण तिचा परीघ लहान होता. पुढील शंभर वर्षांत परीघ वाढत गेला. रीतीचें काय झालें, तेंच आपणांस पाहावयाचें आहे.

प्रत्यक्ष मत लोकांच्या हातीं येऊं लागलें तें लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणामुळें. १८८२ सालीं तो ठराव झाला, आणि १८८४ सालीं मुंबई इलाख्यासाठीं त्या धोरणास अनुसरून म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला. त्यापूर्वीं नगरपालिकेचे सभासद सरकार नेमीत असे. जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेंत होते, ते नेमलेले सभासद म्हणूनच. आतां कर भरणाऱ्यांपैकीं ठराविक लोकांस मत मिळालें. तेव्हां नगरपालिकेंत लोकनियुक्तांचें प्राबल्य असावें कीं नाहीं, यावर पुण्यांत मोठा वाद पेटला. लोकपक्षाचे पुढारी न्यायमूर्ति रानडे. विरुद्ध बाजूस त्यांचेच शाळा-कॉलेजांतले सोबती महादेव मोरेश्वर कुंटे. कुंटे हे फर्डे वक्ते. व्याख्यानांतून त्यांनीं रानड्यांवर वैयक्तिक टीकाहि सोडली नाहीं. नामदार गोखले यांनीं यासंबंधाची एक आठवण सांगितली आहे. एके दिवशीं रानडे स्वतः कुंट्यांच्या व्याख्यानास जाऊन बसले. व्याख्यान संपल्यावर कुंटे त्यांस टाळूं लागले, तेव्हां रानड्यांनीं त्यांच्याच गाडींतून बरोबर येण्याची इच्छा दर्शविली. त्या गाडींत दोघांचें बोलणें झालें, गैरसमज निवळला, आणि कुंट्यांच्या विरोधाची धार गेली.

दहा सभांनीं झालें नसतें तें एका गाडींतल्या बोलण्यानें झालें. मतदारांपुढें जाण्याचा धडा या शहरानें जेथून घेतला तेथेंच ही गोष्ट घडावी, याला आम्ही केवळ योगायोग समजत नाहीं. रानड्यांना दुसऱ्याचें ऐकून घेण्याची संवय होती. त्यांच्या पक्षाची ती अर्धी शक्ति होती.

यानंतर दहा-बारा वर्षांनीं, एकाच वर्षाच्या आंत, पुणेंकरांच्या दारावर दोन प्रकारची थाप पडली. १८९६-९७ च्या दुष्काळांत सार्वजनिक सभेनें आपले प्रचारक जिल्ह्याजिल्ह्यांतून पाठविले. सरकारच्याच दुष्काळी नियमांत रयतेस कोणती सूट आहे, कोणत्या कामावर किती मजुरी मिळावयाची आहे, हें ते गांवोगांव समजावून सांगत. मत मागावयाचें नव्हतें, वर्गणी मागावयाची नव्हती; माणसाला त्याचा हक्क कळवावयाचा, एवढेंच काम. ह्या कामाचा सरकारला इतका राग आला, कीं १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यताच काढून घेतली. त्याच वर्षीं मार्च महिन्यापासून प्लेगच्या बंदोबस्तासाठीं रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊं लागले. देवघर, माजघर, स्वयंपाकघर, कोठेंहि बूट शिरूं लागले. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा शेवट कसा झाला, तें सर्वांस माहीत आहे. रोग खरा होता, बंदोबस्त हवा होता, हें आजचा कोणताहि सुज्ञ मनुष्य कबूल करील. पण जो दारांत येतो तो घरांतल्या माणसास माणूस समजतो कीं नुसती नोंद समजतो, यावर सारें अवलंबून असतें, हा धडा त्या सालानें दिला. दुष्काळांतला प्रचारक आणि प्लेगांतला सोल्जर, दोघेहि दारींच आले होते.

नारायण पेठ ह्या इतिहासाच्या मध्यभागीं येते ती १९०५ सालीं. बडोद्याच्या गायकवाड सरकारचा पेठेंतला वाडा लोकमान्य टिळकांनीं त्या सालीं घेतला, आणि केसरी-मराठ्याचें कार्यालय, छापखाना, टिळकांचें बिऱ्हाड आणि गणेशोत्सव ही सर्व एकाच छपराखालीं आलीं. टिळकांस निवडणुकीचा अनुभव नवा नव्हता. १८९५ सालीं ते मुंबई कायदेकौन्सिलावर निवडून आले, आणि त्याच सालीं पुणें नगरपालिकेवरहि. मात्र ह्या दोन निवडणुकींतला भेद लक्षांत ठेवला पाहिजे. कौन्सिलाचीं मतें जिल्हा लोकलबोर्डांच्या सभासदांचीं. तेथें मूठभर माणसांस गांठलें म्हणजे काम भागे. नगरपालिकेचीं मतें मात्र पेठेंतल्या घरवाल्यांचीं. तेथें पायांनींच चालावें लागे.

पेठेंतल्या तरुणांस चालण्याची शिस्त लागली ती उत्सवामुळें, असें आमचें मत आहे. १८९३-९४ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला, आणि त्याबरोबर मेळे आले. मेळ्यांतल्या मुलांस वेळेवर जमावें लागे, रांग मोडतां येत नसे, कोणत्या चौकांत केव्हां पोंचावयाचें हें ठरलेलें असे, आणि कोणत्या वाड्यांत काय बोललेलें चालतें व काय चालत नाहीं, हें त्यांस न सांगतां कळे. वर्गणीच्या वहीनें दुसरी एक गोष्ट शिकविली: कोणतें घर कोणाचें, तेथें शब्द कोणाचा चालतो, आणि कोणाकडे दुपारीं जाऊं नये. पुढें १९१६ च्या एप्रिलांत टिळकांनीं बेळगांवास होमरूल लीग काढली. वर्षाच्या आंत तिच्या सभासदांची संख्या १४,००० पर्यंत गेली. ही संख्या व्याख्यानांच्या टाळ्यांनीं भरली नाहीं. प्रत्येक नांव कोणीतरी विचारून, समजावून, वर्गणी घेऊन वहींत चढविलें होतें. १९२० च्या एप्रिलांत, नव्या सुधारणा-कायद्याखालीं होणाऱ्या निवडणुका डोळ्यांपुढें ठेवून टिळकांनीं काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला, आणि लोकशिक्षण, चळवळ व संघटना हीं तीन कामें पक्षापुढें ठेवलीं. १ ऑगस्टला ते निवर्तले; काँग्रेसनें त्या निवडणुकांवर बहिष्कार घातला; आणि तो बेत तेथेंच राहिला. १९२३ सालीं स्वराज्य पक्ष निवडणुकीस उतरला तेव्हां न. चिं. केळकर मध्यवर्ती कायदेमंडळांत निवडून आले, आणि गायकवाडवाड्याची ओसरी पुन्हा निवडणुकीच्या कामांत गजबजली.

परंतु पुण्यांत ओसरी एकच नव्हती. शुक्रवार पेठेंत जेधे मॅन्शन होतें, आणि तेथें केशवराव जेधे यांच्याभोंवतीं ब्राह्मणेतर तरुणांचा मेळावा जमला होता. त्यांचाहि मेळा होता, छत्रपति मेळा. आणि गायकवाडवाड्यांतून जें शिकण्यासारखें होतें तें त्यानें शिकून घेऊन वाड्याच्याच विरुद्ध वापरलें. १९२५ सालीं जेध्यांनीं नगरपालिकेंत जोतीराव फुल्यांचा पुतळा उभारण्याचा प्रश्न आणला; तो त्या वेळीं मान्य झाला नाहीं, आणि शहर बराच काळ धुमसत राहिलें. ज्या दारांवर पूर्वीं कोणी सही मागावयास गेलें नव्हतें, त्या दारांवर आतां माणसें जाऊं लागलीं होतीं, हा त्या धुमसण्याचा खरा अर्थ. नारायण पेठेंतल्या कित्येकांस तो तेव्हां कळला नाहीं. कळला असता तर पुष्कळ कटुता टळती. पुढें हेच जेधे आणि काकासाहेब गाडगीळ काँग्रेसमध्यें खांद्यास खांदा लावून उभे राहिले, आणि पुण्याच्या राजकारणाचा सांधाच बदलला.

मताधिकार मात्र अजून आंखडताच होता. १९१९ च्या कायद्यानें हिंदी लोकसंख्येच्या शंभरांत पुरत्या तीन माणसांसहि मत दिलें नव्हतें. १९३५ च्या कायद्याखालीं १९३७ सालीं निवडणूक झाली तेव्हां मतदार तीन कोटींच्या घरांत गेले, आणि त्यांत सुमारें चाळीस लाख स्त्रिया होत्या. मुंबई कायदेमंडळांत १७५ पैकीं ८६ जागा काँग्रेसनें जिंकल्या. स्त्रियांचीं मतें वाढल्यामुळें दारोदार जाण्याच्या कामांत एक मोठा फरक पडला. पुरुष कार्यकर्ता ओसरीवर थांबे. फार तर बैठकीच्या खोलीपर्यंत जाई. माजघरांत काय बोललें जातें, तें त्यास घरधन्याच्या तोंडून कळे, म्हणजे बहुधा कळत नसे. स्त्री-कार्यकर्ती सरळ आंत जाई. "ह्यांना विचारून सांगतें" ह्या उत्तरापुढें पुरुष परत फिरे. ती मात्र पाट ओढून बसे. एका घरांत मत एक नसून चार असूं शकतात, हें घराला प्रथम कळलें तें ह्या भेटींतून.

यादीची आणि स्त्रीच्या नांवाची एक कथा येथेंच सांगितली पाहिजे. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठीं सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली. जगांत तेवढी मोठी यादी तोंवर झाली नव्हती. पण त्यांतील सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें गाळावीं लागलीं. कारण 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची मुलगी' यापलीकडे आपलें स्वतःचें नांव परक्या माणसास सांगण्यास त्या तयार नव्हत्या. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत झाला. आमच्याकडे अडचण उलटी होती. मराठी बाई स्वतःचें नांव सांगे. नवऱ्याचें नांव मात्र उखाण्यावांचून तिच्या तोंडून निघत नसे, आणि यादीच्या रकान्यांत तर तें हवेंच! अशा वेळीं शेजारची मुलगी किंवा घरचा नातू मदतीस धांवे. ओळखीचा कार्यकर्ता तें न विचारतांच लिही. यादी शुद्ध असणें हें शेजाऱ्याच्या ओळखीवर किती अवलंबून असतें, याचें याहून सोपें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

त्या पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकींत मत देण्याची पद्धति आजच्याहून निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर चिन्ह, मतदारानें कागदावर कोणतीहि खूण न करतां तो पसंतीच्या पेटींत टाकावयाचा. तेव्हां दारोदार जाणाऱ्याचें अर्धें काम शिक्षकाचें होतें. कागद पेटींत टाका, पेटीवर ठेवूं नका. काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी. शाई लावतील ती पुसूं नका. असें घरोघर सांगावें लागे. १९६२ सालीं एकच मतपत्रिका व शिक्का ही पद्धति सर्वत्र आली, तेव्हां तोच पाठ पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागला.

परंतु पुण्याच्या दारोदार फिरण्याची खरी कसोटी लागली ती १९५७ सालीं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली होती. नोव्हेंबरांत द्वैभाषिक राज्य लादलें गेलें. आणि पुढील सालाच्या आरंभींच निवडणूक आली. समितींत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामकरी पक्ष होता, डॉ. आंबेडकरांचे अनुयायी होते आणि हिंदुसभावालेहि होते. एरवीं एकमेकांच्या सावलीस न उभे राहणारे लोक एकाच यादीचीं पानें वांटून घेऊन निघाले. पुण्याच्या लोकसभेच्या जागेसाठीं समितीकडून नानासाहेब गोरे उभे होते. काँग्रेसकडून काकासाहेब गाडगीळ. गाडगीळांविषयीं पुण्यांत आदर होता, आणि संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनीं संसदेंत स्वतः निर्भीडपणें मांडली होती. तरीहि ते पडले आणि गोरे निवडून आले. एस. एम. जोशी हेहि त्याच वेळीं पुण्यांतून विधानसभेवर गेले.

ह्या निकालाचें श्रेय कार्यकर्त्यांच्या पायपिटीस द्यावें, अशी रीत आहे. आम्हांस त्यांत थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. जो प्रश्न घराघरांत जेवणाच्या पानावर आधींच बोलला जात होता, तोच ऐकावयास कार्यकर्ते गेले होते. त्यांनीं मतें बनविलीं नाहींत. बनलेलीं मतें मोजून घेतलीं आणि केंद्रापर्यंत पोंचविलीं. गाडगीळांच्याहि कार्यकर्त्यांनीं कांहीं कमी जिने चढले नसतील. पण त्यांस सांगावयाचें होतें एक आणि ऐकावें लागत होतें दुसरें. पायपीट उत्तम असूनहि ऐकून घेण्याची मुभा वरून नसेल, तर ती फुकट जाते, हें १९५७ नें दाखविलें. १९७७ च्या मार्चांतहि तेंच झालें: आणीबाणीनंतर तयारीस उणेपुरे दोन महिने मिळाले, पु. ल. देशपांड्यांसारखे साहित्यिक व्यासपीठावर आले; पुण्यांतून मोहन धारिया निवडून गेले. तेथेंहि लोकांच्या मनांतलें बोलण्यासाठीं दार उघडण्याचीच काय ती खोटी होती.

ह्या दोन निवडणुकींच्या दरम्यान पेठेवर जें संकट आलें, त्याचा आमच्या विषयाशीं दिसतो त्याहून जवळचा संबंध आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि मुठेच्या कांठची नारायण पेठ पाण्याखालीं गेली. वाडे बसले, संसार वाहून गेले, आणि कित्येक कुटुंबें गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेलीं तीं कायमचीं. सातच महिन्यांनीं, फेब्रुवारी १९६२ मध्यें, निवडणूक होती. यादींत घर होतें. जागेवर चिखल वाळला होता. अशा वेळीं कोण कोठें गेलें, हें सांगणारी वही सरकारजवळ नव्हती. ती शेजाऱ्यांच्या डोक्यांत होती. पुढें पडक्या वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या. वाड्याच्या चौकांत एकदां उभें राहिलें, कीं आठ बिऱ्हाडांशीं बोलणें होई. इमारतींत आठ बंद दारें, आठ घंट्या, आणि खालीं पहारेकरी. पेठ तीच राहिली, पण तिचा चौक नाहींसा झाला.

आतां आजच्या कामाचा हिशेब पाहूं. छायाचित्रांसह छापलेल्या यादीच्या एका पानावर साधारणतः ३० नांवें असतात. एका मतकेंद्रावर हजार-बाराशें मतदार धरले, तर पानें झालीं चाळीस. हीं तीस नांवें म्हणजे आठ-दहा घरें. एका पानास एक माणूस नेमला, तर दोन संध्याकाळींत प्रत्येक घरीं स्वस्थपणें बसून येतां येतें. म्हणून अलीकडे सर्वच पक्षांत पानागणिक एकेक जबाबदार माणूस नेमण्याची पद्धति पडत चालली आहे. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल, कीं सार्वजनिक काकांनीं ठरविलेला आंकडा पन्नासाचा होता. दीडशें वर्षांच्या अंतरानें आणि सर्वस्वी निराळ्या गरजेंतून, दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच मापावर येऊन थांबावेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. एक माणूस दुसऱ्या माणसांस खरोखर ओळखूं शकतो, त्याचेंच हें माप असावें.

आकडा जुळला, पण पन्नास सह्या आणि तीस नांवें ह्यांत फरक आहे तो मोठा. सही मतदारानें दिलेली असते. नांव सरकारनें छापलेलें असतें. सहीसाठीं समजूत पटवावी लागे; नांव आपोआप हातीं येतें. आतां तर तें मोबाइलच्या पडद्यावरहि येतें, आणि त्यापुढें 'आपला', 'विरोधी', 'डळमळीत' अशी खूण करून कार्यकर्ता मोकळा होतो. ती खूण वरच्या कचेरींत पोंचते. घरांतलें म्हणणें दारांतच राहतें.

कायद्यानें ह्या कामास बांध घातले आहेत, आणि ते योग्य आहेत. मतदान संपण्यापूर्वींच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद. केंद्रापासून १०० मीटरच्या आंत मत मागणें गुन्हा. मतदारांस फुकट गाडींतून नेणें हा भ्रष्टाचार. पक्षानें द्यावयाची चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदाची, चिन्हावांचूनची. पण कायदा जेथें माणसाच्या ओळखीवर विसंबतो, त्या जागाहि पाहण्यासारख्या आहेत. मतकेंद्रांत उमेदवाराचा प्रतिनिधि बसतो, तो कशासाठीं? येणारा मनुष्य तोच आहे कीं नाहीं हें ओळखण्यासाठीं. शंका आल्यास २ रुपये अनामत ठेवून त्यास आक्षेप घेतां येतो. ज्यानें पेठेंतलीं घरें पाहिलीं नाहींत, त्याचें तेथें काय काम? तसेंच यादीच्या दुरुस्तीचें. नवें नांव घालण्यास नमुना ६, वारलेल्याचें किंवा गेलेल्याचें काढण्यास नमुना ७, चूक सुधारण्यास नमुना ८. हीं कामें करण्याची वेळ निवडणूक नसते तेव्हांची. अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालेल्या मुलीचें नांव शांतपणें बसून भरून देणारा कार्यकर्ता त्या घराला निवडणुकीच्या आदल्या आठवड्यांत परका वाटत नाहीं. दुष्काळांतले सभेचे प्रचारक जें करीत होते, त्याच जातीचें हें काम आहे: माणसास त्याचा हक्क कळवावयाचा, आणि मोबदल्यांत कांहीं मागावयाचें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं आतां मत गुप्त आहे. मुखत्यारपत्राचा काळ गेला. सही देऊन बांधून घेण्यापेक्षां गुप्त मत शतपटीनें चांगलें. हें आम्हांस अक्षरशः मान्य आहे. सावकाराच्या हातीं सही देणारा कूळ मोकळा नव्हता, आणि पडद्यामागें उभी राहिलेली मोलकरीण मोकळी आहे, ही ह्या शतकाची कमाई आहे. ती कोणत्याहि जुन्या आठवणीसाठीं गमावण्याजोगी नाहीं. परंतु मत गुप्त असलें तरी गाऱ्हाणें गुप्त नसतें. कोणास मत देणार, हें न सांगतांहि, पाणी केव्हां येतें, जुन्या वाड्याचा जिना कोणत्या पावसाळ्यांत पडेल, पेठेंतली शाळा का ओस पडली, हें सांगतां येतें. तें विचारणारा कोणी हवा, आणि विचारलेलें लिहून घेणारा हवा.

ह्यांत दोष एकट्या कार्यकर्त्याचा नाहीं. त्या दोन तरुणांस आम्हींहि दारांतच उभें केलें होतें. आंत दूरचित्रवाणीवर बातम्या चालल्या होत्या, आणि लोकशाहीचें कसें होणार म्हणून कोणी विद्वान् गृहस्थ तींत मोठ्यानें चिंता करीत होते. त्या ऐकावयाच्या घाईंत आम्ही दार लोटलें. काकांच्या काळीं सही मागावयास आलेल्या मनुष्यास बसावयास पाट मिळत असे, आणि मग त्याची उलटतपासणी होत असे. बसावयास सांगितल्यावांचून उलटतपासणी करतां येत नाहीं.

पुढच्या निवडणुकीस ते तरुण, किंवा त्यांच्या विरुद्ध पक्षाचे दुसरे कोणी, पुन्हा येतील. जिना तोच आहे, वेळहि बहुधा तीच असेल. "घरांत मतें किती?" असें त्यांनीं विचारलें, म्हणजे चार असें सांगून, आणि तीं चारहि निरनिराळीं आहेत हेंहि सांगून, त्यांस आंत बोलवावें, चहा ठेवावा, आणि यादीच्या पानाच्या मागल्या कोऱ्या बाजूवर आमचीं गाऱ्हाणीं लिहून घ्या म्हणावें, असें आम्हीं ठरविलें आहे. त्यांनीं लिहून घेतलीं, तर खालीं सही करावयास आमची ना नाहीं.